भोपळे गल्लीचं प्रतिमापूजन

१

मिरजेत एखादा कार्यक्रम पत्रिकेत छापलेल्या वेळेला सुरू झाला, तर आपणच चुकीच्या दिवशी आलो की काय अशी लोकांना शंका येते. जरिना मात्र नेहमी वेळेवर पोचायची. तिचं काम साधं होतं. अब्बांनी केलेले दोन तंबोरे रिक्षातून सांभाळून न्यायचे, स्वागतगीत म्हणणाऱ्या मुलींच्या पट्टीत लावून द्यायचे आणि सगळं आटोपलं की गवसणी घालून घरी परत आणायचे. नवरा वारल्यावर जतहून माहेरी आली तेव्हापासून ती हे करत होती. त्यामुळे गावातल्या एकूण एक पुढाऱ्याचं भाषण तिनं विंगेत बसून ऐकलं होतं, आणि कुणाला कुठं टाळी पडणार हे तिला आधीच कळायचं.

त्या सकाळी स्टेशनजवळच्या सभागृहात जुन्या फोटोंच्या प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. 'हरवलेलं मिरज' असा भलामोठा फ्लेक्स दारावर लावला होता आणि त्यावर मिरजेपेक्षा समितीच्या अध्यक्षांचा फोटो मोठा होता. अध्यक्ष म्हणजे नानासो. आजोबांची दगडी पेढी पाडून तिथं तीन मजली मार्केट उठवलं, तेच हे नानासो. त्या पेढीचाही फोटो भिंतीवर होता आणि खाली लिहिलं होतं, 'काळाच्या ओघात नाहीशी झालेली वास्तू'. तो काळाचा ओघ पिवळ्या रंगाचा होता, त्याला पुढं लोखंडी दात होते आणि तो नानासोंनी भाड्यानं आणला होता, हे जरिनानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. ती ओळ वाचून तिचं डोकं फिरलं. पण तंबोरा लावताना बोलायचं नसतं, म्हणून ती गप्प बसली.

मग घोळ झाला. समई तयार, तबकात झेंडूचा हार तयार, आणि सरस्वतीची तसबीरच जागेवर नाही. ती ज्या गाडीत होती ती गाडी पाहुण्यांना आणायला सांगलीला गेली होती, आणि पाहुणे दुसऱ्याच गाडीनं येऊन बसले होते. त्यांना पुढं म्हसवडला जायचं होतं. ते सारखे घड्याळ बघत होते. नानासोंनी जरा विचार केला आणि सभागृहाचा शिपाई ज्ञानू याला सांगितलं, भिंतीवरचा एखादा बरा फोटो काढून आण, आज आपण आपल्या मिरजनगरीचंच प्रतिमापूजन करू. ही कल्पना सगळ्यांना फारच आवडली. ज्ञानूनं हाताला लागली ती फ्रेम आणून खुर्चीवर ठेवली. पाहुण्यांनी काचेवर हळद-कुंकू लावलं, हार घातला. तेवढ्यावर थांबतील तर ते सूत्रसंचालक कसले! हरवलेल्या वास्तूंना श्रद्धांजली म्हणून सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं, असं त्यांनी माईकवरून सांगून टाकलं.

सगळे उभे राहिले म्हणून जरिनाही उभी राहिली. तिच्या दोन्ही हातांत तंबोरे होते. लावलेला तंबोरा माणसांनी भरलेल्या जागेत कधी पूर्ण गप्प नसतो. खुर्ची सरकली, कुणी खोकलं, तरी त्याच्या तारांत बारीक गुणगुण उठते आणि ती हाताला कळते. त्या दोन मिनिटांत माणसं खोकत होती, कुणाचा तरी मोबाईलही वाजला. तंबोरे मात्र लाकडाच्या ओंडक्यासारखे निमूट होते. हवा दमट असेल, असं तिनं मनाशी म्हटलं.

२

चहाच्या गडबडीत ती त्या फ्रेमजवळ गेली. देवीचा हार कुणाच्या गळ्यात पडला ते बघावं, एवढाच हेतू होता. ती हसतच गेली.

फोटो तांबूस, भुरकट होता आणि कोपऱ्यात काच तडकल्याची रेघ होती. अरुंद गल्ली, तिच्या टोकाला एक बैठं घर, कौलांवर ओळीनं वाळत घातलेले भोपळे. खालच्या पट्टीवर लिहिलं होतं, 'भोपळे गल्ली. तंबोऱ्यांसाठी नावाजलेली, आज काळाच्या पडद्याआड गेलेली मिरजेची एक ओळख. अंदाजे शंभर वर्षांपूर्वी.'

जरिना भोपळे गल्लीत राहत होती. सकाळी तंबोरे घेऊन ती तिथूनच निघाली होती. गल्लीत आता त्यांचं एकच घर माणसांचं उरलं होतं, बाकीची गोदामं झाली होती, हे खरं. पण एक घर म्हणजे शून्य घर नव्हे. या लोकांनी गल्लीच्या तोंडाशी येऊन नुसतं डोकावलं असतं तरी त्यांना कळलं असतं. तेवढेही कष्ट घेतले नाहीत, म्हणून तिला संताप आला.

मग तिला टाकी दिसली. घराच्या एका बाजूला उंचावर पाण्याची काळी प्लास्टिकची टाकी होती. तिचं झाकण वाऱ्यानं उडायचं म्हणून मागच्या पावसाळ्यात जरिनानंच वर चढून सायकलची ट्यूब आवळून बांधली होती. गाठ डाव्या हाताला आली होती. फोटोतही ती डाव्या हाताला होती.

आणि पायरीवर अब्बा बसले होते. बादशहा तंबोरेवाले, दोन पायांच्या मध्ये भोपळा धरलेला, मान खाली. त्यांच्या चष्म्याची काडी मोडल्यावर त्यांनी तिथं तंबोऱ्याची तार गुंडाळली होती. ती तारही दिसत होती. चुकीचं होतं ते एवढंच, की अब्बा पायरीवर कधी बसत नसत. रस्त्याची धूळ ओल्या पॉलिशवर बसते म्हणून ते कायम आतल्या खोलीत, खिडकीशी काम करायचे. त्यांच्यामागं दार उघडं होतं आणि आत अंधार होता. जरिना फोटोत कुठंच नव्हती.

तिनं नानासोंना हाताला धरूनच आणलं. नानासो पेढा खात होते. त्यांनी शांतपणे सांगितलं की बंद पडलेल्या एका स्टुडिओच्या माळ्यावर काचेच्या जुन्या निगेटिव्हची पेटी सापडली, हा फोटो त्यातलाच.

"काचेवरचा फोटो हाय हो, जरिनाताई. काचेला खोटं बोलता येत न्हाई."

तिनं टाकीवर बोट ठेवलं. त्या काळी वर रांजण ठेवायचे, असं ते म्हणाले.

"रांजणावर कंपनीचं नाव असतंय व्हय?"

नानासोंनी चष्मा लावून बघितलं, आणि ते डाग आहेत म्हणाले. पायरीवरचा माणूस तिचा पणजोबा असणार, घराण्यात चेहरे उतरतात. आमची गल्ली कुठं गेली नाही, मी आत्ता तिथून आले, असं ती मोठ्यानं म्हणाली तेव्हा आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. नानासोंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे खरोखर ओले झाले होते.

"भावना समजत्यात, ताई. आमचं बी पेढीचं असंच झालंय."

३

घरी आल्यावर तिनं तंबोरे भिंतीवरच्या खुंट्यांना टांगले आणि अब्बांना सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. अब्बा पोट धरून हसले. जित्या घराला हार घालणारी समिती त्यांनी अजून बघितली नव्हती. त्यांना फोटो बघायचा होता, निदान पायरीवर आपण कसे दिसतो ते तरी. ते बराच वेळ बोलत, खोकत, हसत राहिले आणि जरिना चहा करता करता ऐकत होती. काहीतरी कमी आहे असं तिला वाटत होतं, पण काय ते लक्षात येईना.

त्या खोलीत तयार तंबोरे भिंतीला टांगलेले असत. तारांखालच्या घोडीवर गुंज उठवणारा जवारीचा दोरा बसलेला, तारा ताणलेल्या. तिथं कुणी काही बोललं की भिंत उत्तर द्यायची. शब्द संपला की मागून तारांची लांबट गुणगुण यायची. लहानपणी जरिना खोलीच्या मधोमध उभी राहून स्वतःचंच नाव पुकारायची आणि भिंत ते किती वेळ धरून ठेवते हे ऐकायची. अब्बांची जवारी तपासायची रीतही तीच होती. ते तार छेडायच्या आधी तंबोऱ्याशी बोलायचे. त्यानं ओ दिली तर तो तयार झाला.

तिनं चहाचे कप ठेवले आणि तिला ठसका लागला. भिंतीवरून बारीक गुणगुण आली आणि हळूहळू विरली.

"कमी साखर टाकलीस व्हय गं," अब्बा म्हणाले.

भिंत गप्प राहिली.

तिनं अब्बांना आणखी बोलतं केलं. गुडघ्याचं विचारलं, भोपळ्यांच्या गाडीचं विचारलं. ते बोलले तेव्हा काहीच उमटलं नाही, ती बोलली की तारा हलत होत्या. दोघांच्या आवाजाची पट्टी वेगळी, त्यांचा आवाज वयानं बसलेला, तारा सकाळपासून उतरलेल्या. अशी कारणं तिनं एकेक करून मनाशी लावली. सगळी पटण्यासारखी होती. तरी ती कारणं अब्बांना ऐकवायची नाहीत, हे तिनं ठरवून टाकलं.

४

दुसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली.

आधी खंडाळ्याहून आलेलं एक तरुण जोडपं. प्रदर्शन बघून गल्ली शोधत आले होते. गल्लीच्या तोंडाशी फोटो काढले आणि मग घरापर्यंत आले. जरिना दारातच धान्य निवडत होती. बाईनं तिच्या डोक्यावरून हात नेऊन चौकटीवर तळवा ठेवला आणि डोळे मिटले. इथं बसून तंबोरे करायचे म्हणे, किती शांत असेल तेव्हा, असं ती नवऱ्याला म्हणाली. आत अब्बा कानशीनं दांडी घासत होते, ते चांगलं ऐकू येत होतं.

"आत माणसं हायत," जरिना म्हणाली.

"हो ना," ती बाई हळुवारपणे म्हणाली. "अजून इथंच आहेत असं वाटतं."

जरिनानं सूप आपटलं आणि दोघांना गल्लीच्या बाहेर घालवून दिलं. ते रागावले नाहीत. जाताना त्यांनी घराला वाकून नमस्कार केला. त्या नमस्काराचा तिला जेवढा संताप आला, तेवढा शिवीचाही आला नसता.

मग गॅसची गाडी गल्लीवरून सरळ पुढं गेली. ती मागं धावली तर गाडीवाल्यानं मोबाईल दाखवला. या पत्त्यावर आता कुणी राहत नाही असं त्यात येत होतं. तिनं त्याला चार गोष्टी सुनावल्या आणि सिलिंडर उतरवून घेतला. दर शुक्रवारी अब्बांना मशिदीत न्यायला येणारे पलीकडच्या गल्लीतले शेजारी आले नाहीत. अब्बांनी जाऊन विचारावं तर त्यांचा पाय निघेना. टोपी घालून वाट बघत बसलेल्या माणसासारखं ते घर झालं होतं, आणि वाट बघण्यात काय अर्थ आहे हे कुणी सांगत नव्हतं.

यातलं प्रत्येक कारण वेगळं काढून बघितलं तर साधं होतं. मोबाईलमध्ये चुका होतात, शेजाऱ्यांना कामं असतात, शहरातली माणसं येडी असतात. पण आक्काताई आल्या तेव्हा जरिनाला कारण सापडेना.

आक्काताई गल्लीच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्यावर राहायच्या. मिरजेच्या दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त. बाबासाहेबांच्या जयंतीला त्यांच्याकडची खीर इथं यायची आणि ईदेचा शिरखुर्मा तिकडं जायचा. हातात डबा असल्याशिवाय त्या कधी आल्या नव्हत्या. त्या दिवशी रिकाम्या हातांनी आल्या, जरिनाशेजारी बसल्या आणि तिचा हात हातात घेऊन कुरवाळत राहिल्या. प्रदर्शन बघून आल्या होत्या. रडल्यासारख्या दिसत होत्या.

"बादशहाभाई म्हंजे लय मोठा माणूस हुता गं," त्या म्हणाल्या.

अब्बा समोरच बसले होते. त्यांनी मान वर करून, तार गुंडाळलेल्या चष्म्यातून आक्काताईंकडं बघितलं. ते हसणार होते, पण हसले नाहीत.

"आक्काताई, तुमच्या म्होरंच बसलेत की ते."

आक्काताईंनी अब्बा बसले होते तिकडं नजर टाकली. ती नजर खिडकीपर्यंत गेली आणि मध्ये कुठं अडखळली नाही. मग त्यांनी जरिनाच्या पाठीवर हात फिरवला. जन्मभर रात्रपाळ्या केलेला, नातेवाइकांना बाहेर बाकावर बसवून समजावलेला तो हात होता.

"सवय हुती बाई हळूहळू," त्या म्हणाल्या.

५

आक्काताई गेल्यावर अब्बा उठले, भिंतीवरचा एक तंबोरा खाली घेतला, मांडीवर आडवा धरला आणि त्याच्याशी बोलले. नेहमी बोलायचे तसंच, बिस्मिल्ला म्हणून, मग त्याचं कौतुक करून. मग कान भोपळ्यावरच्या लाकडी तबलीला लावला. तंबोरा परत टांगला, दुसरा घेतला. जरिना स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. तिला तोंडातून आवाज काढायची भीती वाटत होती, कारण तारा तिला ओ देतील आणि अब्बांना ते ऐकू येईल.

सगळे तंबोरे झाल्यावर ते म्हणाले, "बहिरे झालेत."

मग त्यांनी भोपळा उचलला, दुसऱ्या हातानं चौकट धरली आणि गुडघे सावरत बाहेर निघाले. कुठं निघाला, धूळ असते बाहेर, असं ती म्हणाली. भिंतीवरून गुणगुण उमटली. अब्बा क्षणभर थांबले. त्यांनी ती ऐकली, तिच्याकडं एकदा बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मुलीचा हेवा वाटावा तसं काहीतरी येऊन गेलं. ते तिला सहन झालं नाही.

"आत बसवत न्हाई मला," ते म्हणाले. "भिंत गप्प झालीया."

ते पायरीवर बसले. भोपळा पायांच्या मध्ये धरला, मान खाली घातली.

जरिना त्यांच्यामागून गल्लीत गेली आणि सहज वळली. कौलांवर भोपळे ओळीनं होते. टाकीच्या ट्यूबची गाठ डाव्या हाताला होती. दार उघडं होतं आणि आत अंधार होता. ज्या जागेवर ती उभी होती, तिथूनच तो फोटो काढलेला होता. ऊनसुद्धा तेच होतं, भोपळ्याच्या एकाच गालावर पडलेलं. अब्बांनी कितीतरी वेळ वर बघितलं नव्हतं, आणि त्यांची पाठ श्वासानं हलते आहे की नाही हे इतक्या लांबून कळत नव्हतं.

ती धावत जवळ गेली, त्यांचा खांदा हलवला. त्यांनी वर बघितलं. दमल्यासारखे दिसत होते, एवढंच.

तिनं पायात चपला सरकवल्या. भिण्यापेक्षा तिला राग जास्त आला होता, आणि तोच तिला रिक्षापर्यंत घेऊन गेला. ज्यांना विचारलं नाही त्यांचं घर परस्पर हरवलेलं ठरवायचं, त्याला हार घालायचा, दोन मिनिटं उभं राहायचं आणि चहा पेढे खाऊन मोकळं व्हायचं, हा कुठला न्याय? तो फोटो तिथून उतरल्याशिवाय ती परतणार नव्हती.

६

सभागृहात गर्दी होती. प्रदर्शन लोकांना इतकं आवडलं होतं की मुदत वाढवली होती. भोपळे गल्लीचा फोटो आता भिंतीवर नव्हता. तो मधोमध, वेगळ्या टेबलावर, पांढऱ्या कापडावर ठेवला होता. समोर समई होती. ज्ञानू रोज ताजा हार घालायचा. त्याला तसं कुणी सांगितलं नव्हतं, पण हार एकदा सुरू झाला की बंद कसा करायचा हे त्याला कळत नव्हतं. लोक रांगेनं येत होते, हळहळत होते, मोबाईल वर धरत होते. नानासो सगळ्यांना सांगत होते की त्या जागी आता गल्लीच्या आठवणीचा एक सुंदर चौथरा करायचा विचार आहे.

जरिना रांग मोडून पुढं गेली आणि फोटो खाली घ्या म्हणाली. नानासोंनी तिला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. ती बसली नाही. तिनं सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं सांगितलं की गल्ली जागेवर आहे, घर जागेवर आहे, या फोटोतला माणूस तिचा बाप आहे आणि आत्ता पायरीवर बसलाय. ज्यांनी स्वतःच्या हातांनी गाव पाडलं त्यांनी खुशाल आपल्या पेढ्यांना हार घालावेत. राहत्या घराला हार घालायचा त्यांना कुणी हक्क दिला?

"आमी जित्ती हाय," ती म्हणाली. "आमाला हुडकायला येऊ नगा. आमी हरवल्यालो न्हाई."

मग कुणीतरी टाळी वाजवली. बघता बघता सगळे टाळ्या वाजवायला लागले. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. गल्लीची शेवटची लेक, असं कुणीतरी म्हणालं आणि ते शब्द रांगेतून मागं मागं गेले. जरिनाला ओरडावंसं वाटलं, पण टाळ्यांच्या वर आवाज जाईना.

नानासोंना अशा वेळी काय करायचं ते पाठ होतं. माणूस चिडला की त्याचा सत्कार करायचा. भर सभेत उठलेली कितीतरी भांडणं त्यांनी शाल-श्रीफळावर मिटवली होती. शाल कुणाच्या तरी खांद्यावरची मिळाली, नारळ समईजवळचा उचलला. हार मात्र नव्हता. बाहेरून आणेपर्यंत गर्दी पांगली असती. नानासोंनी क्षणभर विचार केला, आणि ज्ञानूला खूण केली.

ज्ञानूनं फोटोचा हार काढला आणि नानासोंच्या हातात दिला. नानासोंनी तो जरिनाच्या गळ्यात घातला.

झेंडू थंड होता. समोरून एकदम कितीतरी मोबाईल चमकले. तिचे हात शालीत अडकले होते, आणि डोक्यावरून हार काढेपर्यंत सगळ्यांचे फोटो काढून झाले होते. तिनं हार जमिनीवर टाकला, टेबलावरची फ्रेम उचलली आणि छातीशी धरून चालायला लागली. कुणीतरी अडवेल म्हणून ती भांडायच्या तयारीत होती. कुणी अडवलं नाही. गर्दी बाजूला झाली नाही, नुसती आपापसात बोलत राहिली, आणि ती मधून निघून गेली.

७

रिक्षा उभीच होती. ती बसली, भोपळे गल्ली म्हणाली. रिक्षावाल्यानं मान वळवली नाही की हूं केलं नाही, पण रिक्षा चालू केली. ही आजकालची तऱ्हा, असं म्हणून तिनं त्याच्यावरचाही राग गिळला. तिला फ्रेमकडं बघायचं होतं.

फोटोत पायरी मोकळी होती.

तिनं काच ओढणीनं पुसली आणि पुन्हा बघितलं. गल्ली होती, भोपळे होते, टाकी होती. पायरीवर कुणी नव्हतं. अब्बा उठले, ती मनात म्हणाली, अब्बा आत गेले. फोटोच्या अलीकडच्या बाजूला, गल्लीच्या तोंडाशी काहीतरी काळपट उभं होतं. रिक्षाच्या धक्क्यांत ते नीट दिसेना, आणि तिनं ते बघितलंही नाही. तिनं फ्रेम उलटी करून पोटाशी धरली.

गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली, कारण एका बाईनं हात केला होता. ती बाई येऊन बसायच्या आत जरिना कशीबशी उतरली. आक्काताई आपल्या दारातून बाहेर पडत होत्या, हातात डबा होता. तो डबा बघून जरिनाला इतकं बरं वाटलं की तिनं त्यांना मोठ्यानं हाक मारली. आक्काताई घाईत होत्या. डबा सांभाळत त्या पुढं गेल्या आणि घरात शिरल्या.

"बादशहाभाई, जेवून घ्या आदी," असं त्या आत म्हणाल्या.

जरिना दारात पोचली. अब्बा खिडकीशी, आपल्या जागेवर बसले होते. डोळ्यांवर तोच चष्मा, मांडीवर तंबोऱ्याची दांडी. चेहऱ्यावर रंग आला होता. समोर दोन कप चहा ओतलेला होता.

"जरिना आली का बघा की वं," ते आक्काताईंना म्हणाले. "चा गार हुतोय तिचा."

आणि भिंत बोलली. सगळ्या तंबोऱ्यांच्या तारांतून तिच्या नावाची लांब, भरलेली गुणगुण उठली आणि खोलीभर फिरली. जरिनानं डोळे मिटून ती ऐकली. ती जिंकली होती. तिनं त्यांना परत आणलं होतं.

आक्काताईंनी डबा खाली ठेवला आणि अब्बांच्या पाठीवर हात ठेवला. तो हात जरिनाला ओळखीचा होता. मग त्यांनी दुसऱ्या हातानं डोळ्यांना पदर लावला.

"अब्बा, मी हितंच हाय," जरिना म्हणाली.

अब्बा दाराकडं बघत होते. त्यांची नजर तिच्यावरून गल्लीच्या तोंडापर्यंत गेली आणि मध्ये कुठं अडखळली नाही. तिच्या पोटाशी धरलेल्या काचेला झेंडूचा वास येत होता. ती फ्रेम सुलटी करून बघायला तिचा हात होईना.

तिला पुन्हा संताप आला. सगळा गाव, नानासो, ज्ञानू, तो हार, त्या टाळ्या, सगळ्यांचा. ती खोलीच्या मधोमध जाऊन उभी राहिली, लहानपणी राहायची तिथंच, आणि होतं नव्हतं तेवढ्या जोरानं तिनं भिंतीकडं बघत स्वतःचं नाव पुकारलं.

एकही तार हलली नाही.